गूळ चिरून घ्यावा

मराठीत समीक्षा उदंड झाली. कवितेची झाली, कादंबरीची झाली, नाटकाची झाली, आणि हे सगळं संपल्यावर समीक्षेचीही समीक्षा झाली. पण ज्या वाङ्मयावर रोज सकाळी दहा ते बारा या वेळात घरोघर प्रत्यक्ष कृती होते, त्याच्याकडे एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेले नाही. मी पाककृती आणि घरगुती सल्ले या वाङ्मयाबद्दल बोलतो आहे. कादंबरी फसली तर फार तर वाचक झोपतो. सल्ला फसला तर पाच किलोचा माल जातो आणि घरातले वातावरण चार दिवस बिघडते ते वेगळेच.

हा वाङ्मयप्रकार अफाट आहे, म्हणून मी त्यातला एकच विषय घेतो : गूळ. कोल्हापूरचा माणूस गुळावर लिहितो म्हटल्यावर कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. तांबडा रस्सा, कुस्ती आणि चप्पल या तीन विषयांवर गावाबाहेरच्यांनी इतके लिहून ठेवले आहे की आमच्या वाट्याला गूळच उरला. त्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे कोल्हापुरी गूळ हा कोल्हापूरचाच असतो हे सरकारदरबारी मान्य झाले. त्याआधी आम्हाला ते नुसते माहीत होते.

आता प्रथम मूळ संहितेकडे वळू. पाककृतींच्या पुस्तकात एक वाक्य असते : ‘गूळ चिरून घ्यावा.’ कधी कधी ते आणखी आवळून साहित्याच्या यादीतच बसवलेले असते : ‘एक वाटी चिरलेला गूळ.’ मी आयुष्यभर शाळेत मराठी व्याकरण शिकवले. सवयीने या वाक्याचे पृथक्करण करू लागलो. ‘गूळ’ हे कर्म. ‘चिरून घ्यावा’ हे क्रियापद, विध्यर्थी. आणि कर्ता? या वाक्यात कर्ता नाही. पाककृतीच्या कुठल्याच वाक्यात तो नसतो. कांदा बारीक कापावा, खोबरे खवावे, गूळ चिरावा. जणू ही सगळी कामे आपोआप, दैवी कृपेने होत असतात. वास्तविक कर्ता असतो. तो विळीवर बसलेला असतो, स्त्रीलिंगी असतो आणि त्याचे मनगट दुखत असते.

‘रुचिरा’ १९७० साली आले आणि वाटी-चमच्याच्या मापाने मराठी स्वयंपाकघरात शिस्त आली, हे उपकार मी विसरत नाही. पण वाटी ही शेवटी भरलेली दिसते. ती भरण्याआधी काय झाले हे वाटी सांगत नाही. एक वाटी साखर म्हणजे डब्यात हात घातला की झाले. एक वाटी मैदा, तसेच. एक वाटी चिरलेला गूळ म्हणजे अर्धा तास, एक बत्ता, एक जुने धोतर आणि घरातल्या एका तरी माणसाशी भांडण. ही तिन्ही मापे पुस्तकात एकाखाली एक, एकाच ठशात छापलेली असतात. याला समीक्षेच्या भाषेत ‘अनुभवाचे सपाटीकरण’ म्हणतात. आमच्या घरी याला दुसरा शब्द आहे, तो छापण्यासारखा नाही.

ज्यांनी गूळ फक्त प्लास्टिकच्या पिशवीत पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कोल्हापूरच्या बाजारात गुळाचा मोठा गड्डा येतो त्याला रवा म्हणतात. तो तीस किलोचा. शिऱ्याच्या रव्याशी याचा संबंध नाही, हे सांगून सांगून आमचे तोंड दुखले. पुण्याची एक सूनबाई लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आली आणि सासऱ्यांनी ‘दोन रवे येतील, कोपरा रिकामा ठेव’ असे सांगितल्यावर दोन डबे घासून बसली होती. घरगुती खरेदीला दहा किलोची, पाच किलोची ढेप. अलीकडे एक किलोचे चौकोनी खोक्यातले गूळही निघाले आहेत; ते सुबक दिसतात, पाहुण्यांना देता येतात.

ढेप फोडणे ही कला आहे आणि ती कुठल्याही पुस्तकात दिलेली नाही. बाहेरची कड आधी धरायची. मध्यावर बत्ता घातला की बत्ता उसळतो आणि ढेप तशीच आपल्याकडे बघत राहते. खाली बारदान, वर जुने फडके, कारण फडके नसेल तर खडे उडून थेट कपाटाखाली जातात आणि तिथे मुंग्यांचे अधिवेशन भरते. एक कड निघाली की आतला कणीदार भाग उघडा पडतो आणि मग ढेप ऐकू लागते. या वेळी घरातली पोरे कुठूनही येऊन उभी राहतात. अभ्यासाला हाका मारून न येणारी पोरे बत्त्याच्या पहिल्या आवाजाला येतात. पुस्तकातल्या ‘चिरून घ्यावा’त यातले काही नाही. चिरणे तर फार पुढची गोष्ट. आधी फोडणे आहे, मग ठेचणे आहे, मग विळीवर धरून चिरणे आहे.

मूळ संहितेपेक्षा मोठे आहे ते सल्ला-वाङ्मय. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, दिनदर्शिकांच्या पाठीमागे, ‘गृहिणींनो, हे माहीत आहे का?’ अशा चौकटीत ते दर पावसाळ्याला उगवते. गूळ कसा साठवावा, पाझरला तर काय करावे, कडक झाला तर काय करावे. मी असली कात्रणे पुष्कळ वर्षे जमवली. त्यातल्या काही ठळक कृतींचा परामर्श घेतो.

‘गूळ हवाबंद डब्यात ठेवावा.’ हे वाक्य रचनेच्या दृष्टीने निर्दोष आहे. पण ते कुठल्या महिन्यात लिहिले आहे? समीक्षेत काळाचे भान फार महत्त्वाचे. चैत्रात कोरडा गूळ हवाबंद डब्यात गेला तर हवा बाहेर राहते. आषाढात घाम फुटलेला गूळ त्याच डब्यात गेला तर ओल आत राहते. डबा तोच, झाकण तेच, फक्त शत्रूला आत घेऊन दार लावलेले. शिवाय घरातला गुळाचा डबा हवाबंद असतो कधी? सकाळी चहाला उघडतो, आमटीला उघडतो, उन्हातून कोणी आले तर गूळपाण्याला उघडतो आणि दुपारी सगळे निजले की नातू उघडतो. असा डबा दिवसातून दहा वेळा पंचगंगेकाठची हवा खातो.

‘गूळ फ्रिजमध्ये ठेवावा.’ या लेखकाचे मला कौतुक वाटते, कारण त्याने निदान थंड आणि कोरडे यांत काही नाते आहे हे ओळखले. व्यापारीही पावसाळ्यासाठी माल शीतगृहात टाकतातच. पण चौकटीत पुढचे वाक्य छापायला जागा उरलेली नसते. गार गूळ बाहेर काढून तसाच उघडला की बाहेरच्या दमट हवेतले पाणी त्याच्यावर जमते, थंड पेल्याला बाहेरून थेंब येतात तसे. मग गूळ आतून दगड आणि बाहेरून चिखल. डबा घट्ट लावलेला असावा, लागेल तेवढाच छोटा डबा काढावा आणि तो घरच्या हवेइतका कोमट झाल्यावरच उघडावा, एवढे म्हटले असते तर सल्ला पूर्ण झाला असता. अर्धवट सल्ला हा अर्धवट शिवलेल्या सदऱ्यासारखा. घालता येतो, पण बाहेर जाता येत नाही.

‘डब्यात लवंगा ठेवाव्यात म्हणजे मुंग्या येत नाहीत.’ लवंगा ठेवाव्यात. माझी हरकत नाही. मुंग्यांचीही नसते. आमच्या आजीच्या जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत. तो खंदक होता, आणि खंदक ओलांडायला मुंग्यांना पन्हाळ्याचा इतिहास माहीत असून उपयोग नव्हता.

‘कडक गूळ किसणीने किसावा.’ हा लेखक किसणी धुणारा नाही. एवढे पुरे.

आता मी त्या सल्ल्याकडे येतो ज्याच्यामुळे हा लेख लिहायला घेतला. एका पुरवणीत चौकट आली होती : ‘गुळाचे खडे झाले असल्यास डब्यात पावाचा एक ताजा तुकडा ठेवावा. दुसऱ्या दिवशी गूळ मऊ होतो.’ आमच्या शेजारच्या काकू श्रद्धाळू. त्यांनी ऐन जुलैत डब्यात पाव ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून डबा दाखवला. पावावर हिरवी मखमल उगवली होती आणि तिच्या खाली गूळ विरघळून त्याचा पातळ, काळपट रस झाला होता. काकू म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही शिकलेले. हे कुठल्या देशात चालतं हो?”

काकूंचा प्रश्न समीक्षेच्या मुळाशी जाणारा होता, कारण उत्तर खरोखरच दुसऱ्या देशात होते. त्याच सुमारास माझ्या मँचेस्टरच्या पुतणीचा फोन आला. होळीला पुरण केले होते, गूळ मिळाला नाही म्हणून ब्राउन शुगर घातली, आणि उरलेल्या साखरेचा डब्यात धोंडा झाला. “काका, बत्ता इकडे मिळत नाही, काय करू?” मी विचारले, तिथले लोक काय करतात? म्हणाली, पावाचा तुकडा ठेवतात, नाहीतर भाजलेल्या मातीची चकती पाण्यात भिजवून ठेवतात. आणि खरंच मऊ होते म्हणे.

मग मला उलगडा झाला. त्या चौकटीच्या लेखकाने कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकातून ब्राउन शुगर उचलली आणि तिच्या जागी ‘गूळ’ लिहून मोकळा झाला. भाषांतर शब्दाला शब्द बरोबर होते. फक्त पदार्थ उलटा होता.

ब्राउन शुगर नावाची ही वस्तू मोठी गमतीची आहे. बाजारात मिळते तिच्यातली बहुतेक अशी करतात : आधी साखर शुद्ध करून करून पांढरीशुभ्र करायची, तिच्यातली मळी शेवटच्या थेंबापर्यंत काढायची, आणि मग तीच मळी मोजून परत लावायची. फिक्या जातीला शेकडा साडेतीन भाग, गडद जातीला साडेसहा. म्हणजे मिशी सफाचट काढायची आणि आरशात बघून हळहळून तीच गोंदाने चिकटवायची. तर या प्रत्येक कणावर मळीचा पातळ ओला थर असतो. तिकडच्या घरांत हिवाळ्यात शेगडी पेटलेली, हवा कोरडी. थरातले पाणी उडते, थर वाळतो आणि कणाला कण चिकटून धोंडा होतो. त्या साखरेला तहान लागलेली असते. पाव तिला पाणी पाजतो.

आमच्या गुळाचे दुखणे बरोबर याच्या विरुद्ध. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतात, चांगल्या गुळातसुद्धा शेकड्याला दहा-पंधराच्या आसपास, शिवाय क्षार. यांतले फ्रुक्टोज म्हणजे पाण्याचे व्यसनी. हवेत ओल असली की ते ओढून घेते. मृग लागला की ढेपेला घाम फुटतो, आर्द्रात ती हाताला चिकटते, पुनर्वसूत पाझरू लागते. जो आधीच भर पावसात छत्रीविना उभा आहे, त्याला पुरवणीवाले तांब्याने आंघोळ घालायला सांगतात. काकूंचा डबा हा अंधश्रद्धेचा बळी नव्हता. भाषांतराचा बळी होता. आपल्याकडे साहित्यातले पुष्कळ वाद असेच पावाच्या तुकड्यातून उगवले आहेत, पण तो विषय आज नको.

समीक्षकाने नुसते दोष दाखवू नयेत, एखादी आदर्श कृतीही दाखवावी असा संकेत आहे. या वाङ्मयातली सर्वश्रेष्ठ कृती माझ्या मते माझ्या आजीची आहे. ती अप्रकाशित आहे, कारण आजीला लिहिता येत नव्हते. ती अशी : “पाडव्याच्या आत गूळ फोडून बरण्या भरून टाक, आन् एक संपल्याबगार दुसरीचं तोंड सोडू नको.” बघा, काय नाही या वाक्यात? काळ आहे : गुढीपाडव्याच्या आत, म्हणजे हवा कोरडी असताना. कृती आहे : आधी फोडून, म्हणजे पावसात बत्ता घेऊन ढेप उघडी टाकायची वेळ येत नाही. पात्र आहे : बरण्या, अनेकवचनी, चिनी मातीच्या, तोंडाला फडके बांधलेल्या. आणि संयम आहे. एका बरणीला ओल लागली तरी बाकीच्या सुरक्षित. आणि मुख्य म्हणजे या वाक्यात कर्ता आहे. ‘टाक’, ‘सोडू नको’. समोर कोणीतरी उभे आहे आणि तिला सांगितले जाते आहे. ते काम किती आहे हे सांगणारीला माहीत होते, कारण चाळीस वर्षे तिने ते केले होते.

तरीही या सगळ्या वाङ्मयाचा, आजीच्या वाक्यासकट, एक मूलभूत दोष आहे. तो मला पुस्तकात सापडला नाही, करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर सापडला. थंडीचे दिवस होते. काहिलीत रस उकळत होता, चुलवाण्या चिपाडे आत ढकलत होता आणि गुळव्या उभा राहून वर येणारी मळी काढत होता. रानभेंडीचा चीक रसात पडला की मळी कशी गोळा होऊन वर येते, हे बघत राहावे. मी आपला विषय काढला. म्हटलं, पावसाळ्यात गूळ टिकावा म्हणून घरात काय करावं? त्याने काहिलीवरची नजर न हलवता उत्तर दिले :

“घरात काय करनार, मास्तर? गूळ घरात बिघडत न्हाई. त्यो रानात बिघडतोय, न्हाईतर हितं बिघडतोय. तुमास्नी शरावनात कळतंय, येवढंच.”

मग त्याने सांगितले ते असे. ऊस पक्का हवा. कोवळा नको, फार झालेला नको. तोडला की लगेच घाण्याला लागला पाहिजे. दोन-तीन दिवस बांधावर पडून राहिला की आतल्या साखरेचे तुकडे पडू लागतात. हे तुकडे म्हणजेच ते ग्लुकोज-फ्रुक्टोज, पाण्याचे व्यसनी. रसातला आंबटपणा चुन्याने मोडायचा, पण चुना जास्त झाला की गूळ काळवंडतो. आणि शेवटी उतरवण्याचा क्षण. पाक थंड पाण्यात टाकून तो बोटांनी गोळी बघतो. थर्मामीटरवाले त्याला ११६ ते ११८ अंश सेल्सिअस म्हणतात. १०५-१०६ ला उतरवली तर ती काकवी. म्हणजे काकवी आणि गूळ यांच्यात अंतर काय ते दहा-बारा अंशांचे. आदल्या दिवशी पडून राहिलेल्या उसाचा, घाईने उतरवलेला गूळ श्रावणात ते अंतर उलटे चालत जातो आणि बरणीत काकवी होऊन बसतो. त्याला लवंगा काय करणार?

म्हणजे सगळे सल्ला-वाङ्मय चार महिने उशिरा सुरू होते. रामायण लंकादहनापासून सांगावे तसे. आणि सगळी जबाबदारी येते ती शेवटच्या माणसावर, म्हणजे बरणीजवळच्या बाईवर. गूळ पाझरला की ‘झाकण नीट लावलं नसशील’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. ‘ऊस तीन दिवस बांधावर पडला असेल’ असे कुठला नवरा म्हणाला आहे?

हा विषय मी तिथेच सोडला असता. पण परत येताना बाजारात एका दुकानात थांबलो. हा सगळा भाग शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवलेल्या शाहूपुरीचा. आता मोठे सौदे मार्केट यार्डात होतात, दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्त होतो आणि माल गाड्या भरभरून गुजरातकडे जातो. दुकानात दोन ढेपा शेजारी ठेवल्या होत्या. एक पिवळीधमक, हळदीने माखलेल्या नवरीसारखी, कोरडी, टणक. दुसरी तपकिरी, जरा मऊसर, अंगावर कुठेतरी डाग.

मी विचारले, “टिकायला कुठली चांगली?”

“ही पिवळी. धा म्हयनं हालायची न्हाई. बत्ता तुटंल, पर ही न्हाई तुटायची.”

“आणि ती?”

“ती खायाची हाय.”

“मग ही?”

दुकानदार हसला. “ही बघायची हाय, मास्तर. गिऱ्हाइकाला पिवळंच लागतंय. आमच्या घरात म्हनाल तर ती काळी असती.”

एवढे स्पष्ट विधान मी कुठल्याही परिसंवादात ऐकलेले नाही. गूळ पिवळा दिसावा म्हणून हायड्रॉस घालतात, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गूळ कडक राहावा, चकाकावा म्हणून काही ठिकाणी त्यात साखर ओततात, आणि त्याविरुद्ध शेतकऱ्यांनीच आरडाओरडा केलेला आहे. कारण साखर ओतून केलेला स्वस्त गूळ बाजारात आला की निव्वळ उसाचा गूळ करणारा मागे पडतो. आता वाचकहो, जरा थांबून बघा. न पाझरणारा, न चिकटणारा, रंग न बदलणारा, वर्षभर टणक राहणारा गूळ कोणी मागितला? आपल्या चौकटींनी मागितला. ‘उत्तम गूळ पिवळा, कोरडा व टणक असावा’ हे वाक्य मी माझ्या कात्रणांत निदान सहा वेळा मोजले. कोरडा आणि टणक हे ठीक आहे, चांगल्या गुळाचे ते गुण आहेतच. पण ‘पिवळा’ हा शब्द आधी का? रंग पहिला आला आणि गुळव्याने मग रंग पुरवला. टीकाकार जे मागतात तेच लेखक लिहू लागतो, याचे इतके गोड उदाहरण दुसरे नसेल.

तिकडे कसबा बावड्याच्या बाजूला ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. तिथले लोक कुठल्या जातीच्या उसाचा गूळ रंगाने, कणाने आणि टिकायला चांगला होतो याची वर्षानुवर्षे खटपट करतात. को ९२००५ ही जात गुळाला उत्तम म्हणून त्यांनीच सांगितली. म्हणजे बिनपावडरीचा चांगला रंग उसातून, निगेतून येऊ शकतो. पण ते कष्टाचे काम. पुडी फोडून टाकणे हे ‘चिरून घ्यावा’सारखे एका वाक्याचे काम.

आता पावडरीविषयी. म्हणजे गुळाची पावडर. हा नवा प्रकार आला तेव्हा मी तिच्यावर कडक टीका करायचे ठरवले होते. मुद्दे तयार होते. ढेप हे महाकाव्य, तर पावडर म्हणजे चुरगाळलेली चारोळी. तिला कड नाही, गाभा नाही, बत्त्याचा नाद नाही. शिवाय पावडर ढेपेपेक्षा कोरडी केलेली असली तरी रक्ताने गूळच. पाकीट फोडून ऑगस्टात ओट्यावर ठेवले की कणांची अंगे विरघळून एकमेकांना चिकटतात आणि दिवाळीच्या कोरड्या हवेत त्याचा असा गड्डा होतो की शेवटी बत्ताच शोधावा लागतो. गुळापासून पावडर आणि पावडरीपासून पुन्हा ढेप! (उपाय विचाराल तर तोच आजीचा : पाकीट फोडताच दोन-तीन लहान बाटल्यांत वाटून टाका, चमचा कोरडा वापरा. गड्डा झालाच तर खलबत्त्यात घाला. पाव आणू नका.)

हे सगळे मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. सौ. पुरणाचे जिन्नस काढत होती. तिने महाकाव्य ऐकले, चारोळी ऐकली, बत्त्याचा नाद ऐकला. मग म्हणाली, “पावडर आल्यापासून माझं मनगट दुखायचं थांबलं. त्याची काय समीक्षा आहे?”

मी कागद घडी करून खिशात ठेवला. या मुद्द्याला मराठी समीक्षेत उत्तर नाही. इंग्रजीतही नसावे. ढेपेची थोरवी गाणारे बहुतेक सगळे पुरुष असतात आणि त्यांना ढेप फोडलेली आठवते. चिरलेली आठवत नाही. ढेपेवर दोन-चार घाव घालून पोरांना खडे वाटणे हा शौर्याचा भाग त्यांच्याकडे असतो. उरलेले साडेचार किलो विळीवर जाते.

फक्त मी तिला एवढे विचारले, की पाकिटावर काय छापले आहे ते वाचलेस का? पावडर पिवळी आहे की तपकिरी? तिने पाकीट उन्हात धरून पाहिले. तपकिरी होती. म्हणाली, “पिवळी मी आणतच नाही. आपल्या बाजारवाल्यानंच सांगितलं होतं. तुम्हाला आत्ता कळलं होय?”

गुऱ्हाळे मात्र कमी होत चालली आहेत. ऊस साखर कारखान्याला घातला की शेतकरी मोकळा होतो. गुऱ्हाळाला माणसे लागतात, आणि काहिलीपुढे उभे राहायला नवी पोरे तयार नाहीत. गोळी बोटांनी ओळखणारा गुळव्या मिळत नाही म्हणून गुऱ्हाळ बंद ठेवल्याचे मी ऐकले आहे. सीमेपलीकडचा माल कोल्हापुरी म्हणून खपतो ही तक्रार आहेच. मानांकन कागदावर आहे आणि कागद, सुदैवाने, पाझरत नाही.

त्या गुळव्याला मी निघताना विचारले होते, तुमच्या घरी गूळ कसा ठेवता? मला वाटले, काहीतरी पिढीजात गुपित बाहेर येईल. तो म्हणाला, “ठेवतोय कशाला? संपतोय की.” मग झाऱ्याने काहिलीतला थोडा पाक उसाच्या पानावर ओतून त्याने माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “फुंकून खावा. भाजतंय.”